टिटवी नदीपलीकडे

सोलापूर,
४ डिसेंबर १९७७

प्रिय मालू,

पोस्टकार्डाऐवजी पाकीट, आणि त्यावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की अप्पा बरे आहेत. तू दवाखान्यात पाहिले होतेस त्यापेक्षा खूप बरे. उजवा पाय ओढत, माझ्या खांद्यावर भार टाकून अंगणातल्या लिंबापर्यंत जातात. उजवा हात मात्र गेला तो गेलाच, आणि बोलणंही. एक ‘हूं’ तेवढा निघतो. पाणी हवं असलं तरी हूं, नको असलं तरी हूं, आणि तुझे मल्लप्पाकाका आले की जरा वेगळा, नाकातून येणारा हूं. मिशनच्या शाळेत शिकताना सिस्टर पियानोची एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून ‘ऐका, नीट ऐका’ म्हणायच्या, तेव्हा आम्हा मुलींना हसू आवरायचं नाही. आता त्या काय ऐकायला सांगत होत्या ते मला कळतं.

पत्र लांबणार आहे. इचलकरंजीच्या मागांच्या आवाजात वाचू नकोस, सुट्टीच्या दिवशी वाच. अंबादास घरी असेल तर त्यालाही वाचून दाखव. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

तुझी पोस्टकार्डं येतात. ‘आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवावी.’ त्यात सगळ्यांची चौकशी असते, अगदी लिंबाला निंबोळ्या लागल्या का इथपर्यंत, फक्त अप्पांचं नाव नसतं. मीही तुला आजवर ‘ये’ असं लिहिलेलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणाली होतीस, “अव्वा, अप्पांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही.” तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. पण ज्या माणसाची वाचाच गेली त्यानं तुला बोलवायचं कसं, हा प्रश्न घेऊन मी हे दीड वर्ष घरात वावरते आहे. कणीक मळताना तोच, झाडलोट करताना तोच.

इथं आता थंडी चांगली पडली आहे. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांचे सांगाडे अजून आले नाहीत, पण मैदानात खुणांचे दगड पडायला लागले आहेत, असं चंद्रव्वा सांगत होती. ही चंद्रव्वा तुला माहीत नाही. अप्पा आजारी पडल्यापासून ती कुंभारीहून स्वयंपाकाला येते. हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं आहे. मी तिला अप्पांच्या टिटवी गाडीचं चित्र दाखवलं तर म्हणाली, “ही कसली मोटार अक्का, हिला तर समद्या पायऱ्याच हायत की.” मी थबकलेच. कारण अगदी हेच, याच शब्दांत, तू म्हणाली होतीस.

तुला गोवर आला होता तेव्हाची गोष्ट. खिडक्यांना लाल लुगडं लावून तुला आतल्या खोलीत निजवलं होतं आणि तू गोष्ट सांगा म्हणून अप्पांच्या मागे लागली होतीस. त्या बिचाऱ्यांना गोष्ट कुठली येते? चादरीवरचे मोर, देवळं, वेलबुट्ट्या, एवढंच त्यांचं जग. मी त्याच आठवड्यात माझ्या जुन्या शाळेतून, सिस्टरांनी रद्दीत काढलेली लढाईच्या काळातली इंग्रजी चित्रांची साप्ताहिकं घरी आणली होती. त्यांतल्या एकात लष्कराच्या एका बुटक्या गाडीचं चित्र होतं. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी वाचून मराठीत सांगितलं, ही टेहळणीची गाडी. ही लढायला जात नाही. सगळ्यांच्या पुढे जाते, काय आहे ते बघते आणि परत येऊन सांगते. तू तापात डोळे मोठे करून विचारलंस, “परत नाही आली तर?” अप्पा म्हणाले, “तर मग तिचा उपयोगच नाही. परत यायचं हेच तिचं काम.”

मग त्यांनी पेन्सिल घेतली. आता त्यांची पेन्सिल तुला ठाऊकच आहे. आयुष्यभर चौकटीचौकटीच्या कागदावर चादरीची डिझाइनं काढलेली. त्या कागदावर गोल काढता येत नाही, तिरकी रेघ काढता येत नाही. एकेक चौकट भरत, पायरी पायरीनं वर चढावं लागतं. त्यामुळे ती गाडी सगळी पायऱ्यापायऱ्यांची झाली. चाकंसुद्धा पायऱ्यांची. तू म्हणालीस, “अप्पा, हिला तर सगळ्या पायऱ्याच आहेत.” ते म्हणाले, “बरं आहे की. तुला चढायला बरं.” शेताकडे रात्र पडायच्या आधी पाऊल वाजलं की टिटव्या ओरडत उठायच्या, त्यावरून तिचं नाव टिटवी ठेवलं. चार चाकं, पातळ पत्रा, पुढं एकच हलकी मशीनगन, तीही पळून येताना वाट मोकळी करण्यापुरती. छपराला दोन झाकणं. पुढच्या झाकणाखाली गाडी चालवणारी तू, मागच्या झाकणाखाली दुर्बीण घेऊन बसलेले अप्पा.

तू तिच्यात काय काय घालायला निघाली होतीस! मोठी तोफ, स्वयंपाकघर, शेजारच्यांची कुत्री. प्रत्येक वेळी अप्पा गंभीर होऊन विचारायचे, “घेऊ की. पण वजन वाढलं, मग काढायचं काय?” तू विचार करून करून शेवटी कुत्रीला घरीच ठेवायचीस. पुढं पासष्टच्या पाकिस्तानच्या लढाईनंतर पुण्याच्या मुलांच्या मासिकानं टिटवीच्या चित्रगोष्टी छापायला घेतल्या, तेव्हा संपादकांनीही तेच पत्र पाठवलं होतं, की वाचकांना मोठी तोफ हवी आहे. त्यांनाही अप्पांनी हाच प्रश्न विचारला. मुलगी गाडी चालवते हे पटणार नाही, असंही संपादक म्हणाले, म्हणून अप्पांनी तुझ्या वेण्या खोडून डोक्यावर शिरस्त्राण चढवलं. तू रुसलीस. ते म्हणाले, “आत कोण आहे ते आपल्या दोघांना ठाऊक आहे ना? मग झालं तर.” नऊवारीतल्या तुझ्या आज्जीसुद्धा मासिक आलं की विचारायच्या, “आमची नात कुठवर पोचली?”

अंबादास आमच्याकडे पत्ते पाडायच्या मशीनवर बसायला आला तो दिवसही मला आठवतो. पूर्व भागातला, तेलुगू घरातला, मान खाली घालून बसणारा. ज्यांना मागाची माहिती नाही त्यांना ही कामं सांगून कळत नाहीत. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणींना तूच मोठ्या ऐटीत समजावायचीस: अप्पा कागदावरची एकेक चौकट वाचतात, रंग असेल तिथं ‘धर’, नसेल तिथं ‘सोड’. समोरचा माणूस ‘धर’ला पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक पाडतो, ‘सोड’ला पाडत नाही. त्या पत्त्यांची माळ मागावर चढली की भोक असेल तिथला धागा उचलला जातो आणि चादरीवर मोर उभा राहतो. म्हणजे एकाचा डोळा आणि दुसऱ्याचा कान. अप्पा म्हणायचे, “अंबादास माझा कान आहे. मी खोकलो तर हा भोक पाडत नाही, इतका तयार.” दुपारभर त्या खोलीतून धर, धर, सोड, धर असा जप चालायचा आणि तू उंबऱ्यात बसून बीएचा अभ्यास करायचीस. मला वाटायचं, पोरीला अभ्यासाला तिथलाच उजेड आवडतो.

पुढचं तुला मी काय सांगू. जातीवरून जे बोलणं झालं ते झालं, मी ते झाकत नाही. पण त्यांच्या मनात खरं काय रुतलं होतं ते मला एकटीला माहीत आहे. तुम्ही दोघं नोंदणीचं लग्न करून निघून गेलात त्यानंतर ते अंबादासच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाले होते, “त्यानं मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण विचारलं का नाही?” दोघंही एकाच खोलीत बसून, रोज त्यांच्याशीच बोलून, त्यांना सोडून गेलात, याचं ते दुःख होतं. त्याच महिन्यात त्यांनी मासिकाला टिटवीची शेवटची चित्रं पाठवली. गाडी चालवणारा दुर्बीणवाल्याला काठावर उतरवून एकटाच नदी ओलांडून जातो. टिटवी पलीकडच्या काठावर लहान लहान होत जाते. बस्स.

मुलांची पत्रं आली. मोडनिंबच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘ड्रायव्हरला भूक लागली असेल, त्याला लवकर घरी आणा.’ संपादकांनी दोनदा विचारलं. अप्पांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, “अहो, आणा की ती गाडी परत. मुलं वाट बघतात.” ते म्हणाले, “परत येणं गाडीच्या हातात असतं. माझ्या नाही.” आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात त्यांना झटका आला.

तू बातमी कळताच रात्रीची एस.टी. पकडून आलीस. तो प्रसंग मी पुन्हा उकरते आहे, रागावू नकोस, कारण त्याच्याबद्दलच मला लिहायचं आहे. त्यांची खाट भिंतीला लागून होती, डावी बाजू भिंतीकडे. तू उजव्या बाजूला येऊन उभी राहिलीस आणि ‘अप्पा’ म्हणून हाक मारलीस. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. तू पुन्हा हाक मारलीस, तेव्हा त्यांनी डावा हात उचलून भिंतीवर आपटला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तू पदर तोंडाशी धरून बाहेर पडलीस आणि जिन्यात मला ते वाक्य बोललीस. मल्लप्पाकाका म्हणाले, “वैनी, अण्णाचा राग अजून जिरला नाही.” मलाही दुसरं काही सुचलं नाही.

आता यंदाचं ऐक. दसऱ्यानंतर मल्लप्पाकाकांनी पत्त्यांचं मशीन विकायचं काढलं. त्यांचाही दोष नाही. म्हणाले, “वैनी, अण्णाला आता काय कळतंय? गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे की.” अप्पांची खाट आम्ही आता डिझाइनच्याच खोलीत टाकली आहे, तिथं वारा बरा येतो. त्यांच्यासमोरच काका मडिवाळप्पा नावाच्या एका माणसाला घेऊन आले. त्याचे स्वतःचे माग आहेत. त्यानं आपला एक वाचणारा आणि एक पत्ते पाडणारा बरोबर आणला होता, मशीन चालवून बघायला. वाचणाऱ्यानं भिंतीवरचं अप्पांचं मोराचं डिझाइन काढून घेतलं आणि सुरू केलं. धर, धर, सोड, धर. खाटेवरून आवाज आला, “हूं!” काका म्हणाले, “पाणी पायजे असंल.” चंद्रव्वा तांब्या घेऊन धावली. अप्पांनी तांब्या ढकलून दिला, निम्मं पाणी तिच्या अंगावर. “आत्ता गं बया, मालकानी मला आंगुळ घातली की!” पुन्हा वाचन सुरू, पुन्हा हूं. असं तीन-चारदा झालं तेव्हा मी वाचणाऱ्याच्या मागं जाऊन कागदावर नजर ठेवली. तो जिथं जिथं चुकत होता, बरोब्बर तिथं तिथं हूं येत होता.

मालू, ते एकेक चौकट ऐकत होते. मी मडिवाळप्पांना ते दाखवलं. भला माणूस आहे. त्यानं मुद्दाम दोन ठिकाणी चुकीचं वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा खाटेवरून शिवी दिल्यासारखा हूं आला. तो हसायलाच लागला. डिझाइन परत खिळ्याला अडकवत काकांना म्हणाला, “मल्लप्पा, डिझाइनमास्तर हितंच हायत की हो! कुणाचं मशीन इकायला निघालाय?” चहा घेतला आणि निघून गेला. काका नंतर बराच वेळ अप्पांच्या पायाशी बसले होते. जाताना मशीनवरची धूळ आपल्या उपरण्यानं पुसून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची आंघोळ आटोपून मी चौकटीचा कोरा कागद फळीवर लावला, फळी खाटेवर त्यांच्यासमोर ठेवली आणि अंबादासच्या स्टुलावर बसले. पेन्सिलीचं टोक खालच्या ओळीच्या पहिल्या चौकटीवर टेकवलं आणि विचारलं, “भरू?” गप्प. दुसरीवर टेकवलं. गप्प. मी तशीच पुढं सरकत राहिले. कितीतरी चौकटी. मला वाटलं, शांतम्मा, हा तुझ्या मनाचा खेळ आहे. आणि मग आलं, “हूं.” मी ती चौकट भरली. पुढच्या चौकटीला पुन्हा हूं. माझ्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मला मान वळवावी लागली, तर ते चिडले, हूं हूं हूं, कामात लक्ष दे म्हणून. अगदी पूर्वीसारखे.

रोज सकाळी आम्ही बसू लागलो. हूं म्हणजे भर, गप्प म्हणजे सोड. खालून वर, एकेक ओळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या भरलेल्या चौकटींतून एक पायऱ्यांचं चाक वर आलं आणि मी ओरडलेच, “अहो, ही तर टिटवी!” त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. चंद्रव्वा बाहेरून म्हणाली, “आलं का तुमचं पाखरू?”

पण नंतर माझा धीर सुटायला लागला. कागदाच्या मध्यापर्यंत त्यांचा हूं अगदी ठाम यायचा. मध्य ओलांडला की गप्प. कुठल्याही ओळीत, मध्यापुढं एकही चौकट नाही. टिटवीचं नाक झालं, एक चाक झालं, चालवणाऱ्याचं झाकण झालं आणि पुढं तलवारीनं कापल्यासारखी गाडी संपली. शिवाय नाकावर मशीनगनच नव्हती. त्या ओळींना मी तीनतीनदा विचारलं, “इथं बंदूक ना?” गप्प. मला वाटलं, अर्धी गाडी त्यांच्या मनातून पुसली गेली आहे. जेवढे राहिले आहेत तेवढे राहिले आहेत, यातच समाधान मान, असं मी स्वतःला समजावलं. कागद गुंडाळून ठेवला.

त्याच दिवसांत चंद्रव्वा रुसून बसली. म्हणाली, “अक्का, मालकास्नी माझी शेंगाची चटणी ग्वाड लागत न्हाय. भाकरी बी अर्धीच मोडत्यात. मी कुंभारीला जाते, तुमी दुसरी बगा.” ते डाव्या हातानं जेवतात म्हणून ती चटणी उलटी, उजवीकडे वाढायची. मी तिची समजूत काढत ताट उचलायला वाकले. वाकताना ताट हातात फिरलं, चटणीची बाजू त्यांच्या डाव्या हाताकडे आली, आणि ते घाईघाईनं चटणी खायला लागले, जणू आत्ताच कुणी वाढली. चंद्रव्वा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “आता ग्वाड लागली व्हय?” मी मात्र ताटाकडे बघत होते. भाकरीचा उजवा अर्धा, चटणी, सगळं उजवीकडचं राहिलेलं. रोजच तसं राहत होतं.

मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी अप्पांच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून पाहिलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की डोळे ठीक आहेत, पण मेंदूला ज्या जागी मार बसला त्यामुळे मास्तरांना उजवीकडचं जग दिसतच नाही. नाही असंही त्यांना वाटत नाही. ती बाजू त्यांच्यापुरती नसतेच. मी विचारलं, सुरुवातीपासूनच का? ते म्हणाले, सुरुवातीला तर फारच. पहिले काही दिवस मान आणि डोळे आपोआप डावीकडेच ओढले जातात, पेशंटनं ठरवलं तरी वळवता येत नाहीत. मी विचारलं, आणि उजवीकडून कुणी हाक मारली तर? ते म्हणाले, “आवाज ऐकू येतो, पण माणूस सापडत नाही. पेशंट डावीकडेच शोधत राहतो.”

मालू, वाचते आहेस ना? त्यांनी तुझ्यापासून तोंड फिरवलं नव्हतं. तुझी हाक त्यांना ऐकू आली होती. ते त्या भिंतीत तुला शोधत होते. तो हात त्यांनी रागानं आपटला नव्हता, चाचपडत होते ते. तू कुठं आहेस ते हातानं बघत होते. आणि तेवढ्यात तुझा आवाज थांबला.

घरी येऊन मी गुंडाळलेला कागद काढला, फळी सगळीच्या सगळी त्यांच्या डाव्या अंगाला सरकवली आणि जिथं गाडी कापली गेली होती तिथल्या चौकटीवर पेन्सिल टेकवली. “हूं,” ते म्हणाले, जणू काल सांज पडली म्हणून काम थांबवलं होतं. त्यानंतर सकाळ केव्हा संपायची ते कळायचं नाही. मागचं चाक आलं. पण ते मला आठवत होतं त्याहून कागदावर बरंच उजवीकडे आलं. गाडी लांबली होती. मला वाटलं मी चौकटी मोजण्यात चुकले, म्हणून खोडायला गेले, तर त्यांनी डाव्या मुठीनं खाट हाणली. काल छपराची ओळ पुरी झाली. छपराला दोन नाही, तीन झाकणं आहेत.

ज्या माणसानं तुझी कुत्री घेतली नाही, संपादकांची तोफ घेतली नाही, त्यानं टिटवीत आणखी एका माणसाची जागा केली होती. आणि मग मला बंदुकीचं कोडं उलगडलं. ते विसरले नव्हते. वजन वाढलं, मग काढायचं काय, याचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता. मी एकेका झाकणावर बोट ठेवून विचारलं. “हे मालूचं?” हूं. “हे तुमचं?” हूं. “आणि हे? माझं?” तर अर्ध्या चेहऱ्यानं असे हसले की मीही हसले, मला काही त्या डब्यात बसायची हौस नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग मी विचारलं, “अंबादासचं?” तो हूं मी दीड वर्षात ऐकला नव्हता. फार हळू आला. आणि लगेच त्यांची नजर मी बसले होते त्या त्याच्या स्टुलाकडे गेली.

आणखी एक सांगायचं राहिलं. टिटवी मासिकात नेहमी डावीकडून उजवीकडे, नदीच्या दिशेनं पळायची. या कागदावर तिचं नाक डावीकडे आहे. ती परत निघाली आहे.

म्हणून हे पत्र. हे माझं बोलावणं नाही. मी नुसती पेन्सिल धरली. एकेक चौकट त्यांनी सांगितली आहे, आणि माझ्या दृष्टीनं वडिलांनी लेकीला आणि जावयाला धाडलेलं एवढं मोठं बोलावणं या गावात दुसऱ्या कुणाचं नसेल. तुझी अट तू विसरली नसशील, तीही पुरी झाली. अंबादासला सांग, मशीन विकलेलं नाही, काकांनी तेलपाणी करून ठेवलं आहे, आणि या डिझाइनचे पत्ते दुसऱ्या कुणी पाडलेले मास्तरांना चालणार नाहीत. वाचायला ते आहेत, ऐकायला त्यानं यावं. गड्डा सुरू व्हायच्या आत दोघं निघा, कापडाच्या पिशवीत स्वेटर घाल, पहाटे फार गारठतं. एस.टी. स्टँडवर काका येतील, ते स्वतःच म्हणाले. आणि घरात आलीस की दारातून हाक मारू नकोस, मालू. तशीच आत ये, खाटेच्या डाव्या बाजूला आम्ही आता भिंत ठेवलेली नाही, मोकळी जागा आहे. तिथं येऊन उभी राहा. ते तुला बघतील.

वाट बघणारी,
तुझीच
अव्वा